एसेन : बंद पडलेली खाण पाहायला लोक येतात

शाळेत असताना भूगोलाच्या पेपरात हमखास एक प्रश्न असे : ‘ऱ्हूरचे खोरे कशासाठी प्रसिद्ध आहे?’ उत्तर ठरलेले. कोळसा आणि पोलाद. दोन गुण मिळत आणि ऱ्हूरचे खोरे डोक्यातून निघून जाई. त्याच खोऱ्यात कधी काळी सहलीला जाईन, तेही सासूबाईंना बरोबर घेऊन, असे तेव्हा कोणी सांगितले असते तर मी हसले असते.

जर्मनीला जाणारी आपली मंडळी कोलोनचे कॅथीड्रल, ऱ्हाइन नदीतली बोट, ब्लॅक फॉरेस्टमधली कुक्कू घड्याळे आणि डोंगरावरचा नॉइश्वानश्टाइनचा राजवाडा एवढे पाहून परत येतात. सहल कंपन्यांच्या यादीत एसेन नसते. माझी मोठी नणंद ड्युसेलडॉर्फला वीस वर्षे राहते. तिच्या घरापासून एसेन आगगाडीने जेमतेम अर्ध्या तासावर. तरी मी नाव काढल्याबरोबर ती म्हणाली, ‘‘एसेनला काय बघणार? कोळसा? आईला घेऊन जायची ती काय जागा आहे?’’

सासूबाई शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, ‘‘कसली जागा?’’

‘‘बंद पडलेली कोळशाची खाण, आई. आता लोक ती पाहायला जातात.’’

‘‘बंद पडलेली? आणि पाहायला जातात?’’ त्यांनी सुरी खाली ठेवली. ‘‘मग जाऊ या की.’’

त्यांना का जावेसे वाटले ते मला तेव्हाच समजायला हवे होते. माझे सासरे लालबागच्या एका गिरणीत साचे खात्यात होते. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर त्या गिरणीचा भोंगा त्यांच्यासाठी पुन्हा कधी वाजला नाही. आज तिथे काचेची इमारत उभी आहे आणि आत जाताना सुरक्षारक्षक पर्स तपासतो. सासूबाई त्या रस्त्याने जातात तेव्हा पलीकडच्या फुटपाथवरून जातात.

गावाचे नावच ‘जेवण’

जर्मन भाषेत ‘एसेन’ म्हणजे खाणे, जेवण. शहराच्या नावाची व्युत्पत्ती वेगळी आहे, पण नणंदेने हे सांगितल्यावर सासूबाईंना फार मजा वाटली. ‘‘म्हणजे कुठं चाललात तर जेवणाला चाललो,’’ असे म्हणत त्यांनी पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचे चार खडे भरले. परदेशात सर्वत्र शाकाहारी मिळते असे कोणी कितीही सांगो, पिशवीतली दशमी ती दशमी.

एसेनच्या स्टेशनबाहेर पडल्यावर पहिली निराशा होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चित्रातल्यासारखी लाकडी चौकटींची घरे नाहीत, दगडी फरसबंदीचा जुना चौक नाही. दुसऱ्या महायुद्धात हे शहर तोफांचे आणि पोलादाचे आगर म्हणून ब्रिटिश विमानांचे आवडते लक्ष्य होते. 1943 च्या मार्चपासून झालेल्या हल्ल्यांत मध्यवस्ती जवळजवळ पूर्ण जमीनदोस्त झाली. आज दिसतात त्या युद्धानंतर घाईघाईने उभ्या केलेल्या चौकोनी इमारती आणि दुकाने. त्या गर्दीतच एका चर्चमध्ये मेरीमातेची सोन्याच्या पत्र्याने मढवलेली, इसवी सन 980 च्या सुमाराची मूर्ती आहे. सुमारे अडीच फूट उंचीची ही मूर्ती हजार वर्षे याच गावाची राहिली आहे. थोड्या अंतरावर 1913 साली बांधलेले ज्यूंचे भव्य प्रार्थनामंदिर आहे. 1938 च्या नोव्हेंबरात नाझींनी त्याला आग लावली. आतला भाग जळाला, पण दगडी भिंती उभ्या राहिल्या. आता तिथे ज्यू संस्कृतीचे केंद्र आहे.

आम्ही मात्र 107 क्रमांकाची ट्राम पकडली आणि शहराच्या उत्तरेला निघालो. वाटेत एक मोठा महामार्ग लागतो. नणंद म्हणाली की त्याला इथले लोक गमतीने ‘सामाजिक विषुववृत्त’ म्हणतात. दक्षिणेला तलाव, बागा, बंगले. उत्तरेला खाणी, चाळीवजा घरे, स्थलांतरित आणि जास्त बेकारी. ट्राम जसजशी पुढे गेली तसतशा दुकानांवरच्या पाट्या तुर्की होत गेल्या. पश्चिम जर्मनीने 1961 साली तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले. त्यांच्या आधी पोलंडकडून लोक आले होते. 1963 पासून दक्षिण कोरियातूनही खाण कामगार आणले गेले. थोडक्यात, जर्मन कोळसा काही एकट्या जर्मनांनी काढलेला नाही.

पुढचे दार आणि मागचे दार

त्सोलफेराइन या थांब्यावर उतरले की समोर तो दिसतो : पंचावन्न मीटर उंचीचा, चार पायांवर उभा, लालसर लोखंडी मनोरा, आणि त्याच्या माथ्यावर प्रचंड चाके. चाकांवरून दोर खाली विहिरीत जाई आणि पिंजऱ्यातून कोळसा वर येई. आपल्याकडे विहिरीवर रहाट असतो, तसाच हा रहाट; फक्त विहीर शेकडो मीटर खोल.

ही खाण फ्रान्त्झ हानिएल या उद्योजकाने 1847 साली खणायला सुरुवात केली. त्या काळातल्या जर्मन राज्यांच्या जकात संघाचे नाव त्याने खाणीला दिले. आज दिसणारा बारा क्रमांकाचा शाफ्ट मात्र नंतरचा. फ्रित्झ शुप आणि मार्टिन क्रेमर या दोन वास्तुविशारदांनी त्याचा आराखडा केला आणि 1932 साली तो सुरू झाला. दिवसाला बारा हजार टन कोळसा वर काढण्याची त्याची क्षमता होती. त्या वेळच्या सर्वसाधारण खाणीच्या ही चौपट. लोखंडी चौकटीत बसवलेल्या लाल विटांच्या भिंती, सरळ रेषा, दोन्ही बाजूंना सारख्या इमारती, मधे हिरवळ. ‘जगातली सर्वांत सुंदर कोळसा खाण’ असे तिचे वर्णन केले जाते आणि ते खोटे नाही. राजवाड्यापुढे असावे तसे प्रशस्त अंगण आहे.

आम्ही नोंदणी केलेल्या फेरीचा वाटाड्या याच खाणीत काम केलेला निघाला. सत्तरीचा, रुंद खांद्यांचा, मान किंचित पुढे झुकलेली. त्याने सर्वांना ‘ग्ल्यूक आउफ’ म्हणून अभिवादन केले. खाणीत उतरणाऱ्यांचा हा रामराम. नशीब उघडो आणि सुखरूप वर येवोस, अशा दोन्ही अर्थांनी तो घेतला जातो. तो जर्मनमध्ये बोले आणि नणंद आम्हाला मराठीत सांगे. सुरुवातीला तिचे भाषांतर फार आखडते होते. त्याने पाच वाक्ये सांगितली की ही एक सांगे. पुढे पुढे ती स्वतःच त्याला प्रश्न विचारू लागली.

मी त्या सुंदर अंगणाची स्तुती केली. तो हसला आणि म्हणाला, ‘‘मी पंधराव्या वर्षी लागलो. या अंगणातून कामावर कधी आलो नाही. हे पाहुण्यांसाठी होतं. बाराव्या शाफ्टमधून कोळसा वर यायचा. आम्ही माणसं मागच्या जुन्या शाफ्टमधून खाली जायचो.’’

नणंदेने हे सांगितल्यावर सासूबाई एकदम म्हणाल्या, ‘‘गिरणीतसुद्धा मालकाचं फाटक वेगळं होतं.’’ त्यांचे हे वाक्य नणंदेने जर्मनमध्ये सांगितले. म्हाताऱ्याने सासूबाईंकडे नीट पाहिले. त्यानंतर संपूर्ण फेरीत तो जे काही सांगे ते त्यांच्याकडे पाहून सांगे.

कोळशाच्या वाटेने

फेरी कोळशाच्या मार्गाने जाते. डबे वर आले की कुठे रिकामे होत, दगड कुठे वेगळे काढले जात, पट्ट्यावरून कोळसा पुढे कसा सरके, हे सर्व त्या त्या यंत्रापाशी उभे राहून पाहता येते. यंत्रांवर रंग चढवून त्यांना नवे केलेले नाही. गंज आहे, तेलाचे डाग आहेत. इथे आवाज इतका असे की कामगार खुणांनी बोलत. आमच्या सासूबाईंनी लगेच हाताचा पंजा कानापाशी नेऊन दोन बोटे हलवून दाखवली. साचे खात्यात ‘जॉबर बोलावतोय’ याची ती खूण होती म्हणे. सासऱ्यांची ही खूण इतक्या वर्षांत मला कधी दिसली नव्हती.

कोळसा धुण्याची इमारत म्हणजे आता ऱ्हूर संग्रहालय आहे. 2010 मध्ये ते सुरू झाले. त्याच वर्षी एसेनने सबंध ऱ्हूर प्रदेशाच्या वतीने ‘युरोपची सांस्कृतिक राजधानी’ हा मान मिळवला होता. नेदरलँड्सचे प्रसिद्ध वास्तुविशारद रेम कूलहास यांच्या संस्थेने इमारतीचे रूपांतर केले. आत जायला बाहेरूनच अठ्ठावन्न मीटर लांबीचा सरकता जिना आहे. तो चोवीस मीटर उंचीवर नेऊन सोडतो. तिथून खाली खाली उतरत संग्रहालय पाहायचे. आतल्या जिन्यांना नारिंगी दिव्यांची झळाळी दिली आहे, वितळलेले पोलाद वाहत असावे तशी. कोळसा वरून खाली येत धुतला जाई, तसे आपणही वरून खाली येतो. ही कल्पना मला आवडली. सासूबाईंना फक्त सरकता जिना आवडला.

जुन्या बॉयलर घरात उत्तम आकाराच्या वस्तूंचे संग्रहालय आहे. 1997 मध्ये ब्रिटिश वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांनी त्याची मांडणी केली. राखेने माखलेल्या बॉयलरांच्या पोटात चकचकीत खुर्च्या आणि नळ. हौशी लोकांनी अवश्य पाहावे. मी पंधरा मिनिटांत बाहेर आले.

खरे पाहण्यासारखे आहे ते मागच्या बाजूला, जुन्या शाफ्टजवळ. खाण कामगारांच्या आंघोळीची इमारत. तिथे आज नृत्याचे केंद्र आहे आणि देशोदेशीचे नर्तक तिथे सराव करतात. भिंतींवरच्या फरशा मात्र आंघोळीच्या जागेच्याच आहेत. म्हाताऱ्याने तिथे उभे राहून हातांनी साखळी ओढल्याचा अभिनय केला. खाणीत कपडे ठेवायला कपाटे नसत. छतापासून साखळ्या लोंबत, त्यांना आकडा. स्वच्छ कपडे आकड्याला लावायचे, साखळी ओढून छताला टांगायचे आणि खाली कुलूप लावायचे. शेकडो माणसांचे शर्ट आणि पँटी डोक्यावर लटकत असत. पाळी संपली की काळे कपडे वर जात, स्वच्छ खाली येत.

आंघोळ करताना एकाने दुसऱ्याची पाठ घासायची, हा नियमच. आपल्या पाठीपर्यंत आपला हात पोहोचत नाही आणि कोळशाची भुकटी पाण्याने जात नाही. ज्याच्याशी सकाळी भांडण झाले असेल त्याचीही पाठ घासावी लागे. ‘‘नंतर भांडण कुठे राहतं?’’ तो म्हणाला. डोळ्यांच्या कडेची काळी रेघ मात्र कितीही घासली तरी राहायची. रविवारी चर्चमध्ये कोण खाण कामगार आहे ते त्यावरून ओळखू येई. फुप्फुसात गेलेली धूळ तर कुठल्याच साबणाने निघत नसे. सिलिकोसिसने माणसे पन्नाशीतच धापा टाकू लागत. हे सांगताना त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि पुढे चालू लागला.

सशाची भाकरी

दुपारी आम्ही कोक भट्ट्यांच्या बाजूला बर्च झाडांखाली बसलो. ही झाडे कोणी लावलेली नाहीत. खाण बंद पडल्यावर कोळशाच्या ढिगाऱ्यांवर ती आपोआप उगवली आणि कोणी ती तोडली नाहीत. समोर सुमारे सहाशे मीटर लांबीची भट्ट्यांची रांग. एकूण 304 भट्ट्या. त्यांत हजार अंशांहून जास्त तापमानाला कोळसा भाजून कोक करत. 30 जून 1993 रोजी त्या विझल्या. त्या उखडून चीनला विकण्याची बोलणी झाली होती. ती फिसकटली, मग पाडून टाकायचे ठरत होते, तेवढ्यात त्यांना ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षण मिळाले. आता हिवाळ्यात भट्ट्यांसमोरच्या पाण्याचा बर्फ करतात आणि दीडशे मीटरच्या त्या पट्ट्यावर मुले स्केटिंग करतात. उन्हाळ्यात मालवाहू कंटेनर जोडून केलेल्या तलावात वस्तीतली पोरे डुंबतात. त्याचे तिकीट नाही.

सासूबाईंनी दशम्या सोडल्या आणि एक म्हाताऱ्यालाही दिली. त्याने चटणी चाखून डोळे मिटले, मग हसून एक गोष्ट सांगितली. कामगाराने डब्यात नेलेली पावाची जोडी कधी कधी उरत असे. घरी आल्यावर तो ती मुलांना देई आणि सांगे, ‘‘वाटेत ससा भेटला, त्यानं तुमच्यासाठी दिली.’’ तिला ‘सशाची भाकरी’ म्हणत. शिळी, कडक, कोळशाचा वास लागलेली. पण तिच्यासाठी मुले दारात उभी असत.

नणंद हे आम्हाला सांगता सांगता थांबली. सासूबाईंनी पिशवीतला गुळाचा खडा काढून तिच्या हातावर ठेवला आणि मला म्हणाल्या, ‘‘हे डब्यातला गूळ कधी खायचे नाहीत. हिच्यासाठी परत आणायचे. सांगायचे, साच्यातनं पडला.’’ पन्नाशीची माझी नणंद जर्मन कंपनीत अधिकारी आहे. तिने तो खडा तोंडात टाकला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

खाण कामगारांची घरे कशी चालत, हे जाणून घ्यायला मला जास्त आवडले. घरामागे तुकडाभर जमीन असे. तिथे बटाटे, कोबी आणि एक शेळी. गाय परवडत नसे म्हणून शेळीलाच ‘खाणकऱ्याची गाय’ म्हणत. माळ्यावर शर्यतीची कबुतरे. श्रीमंतांना घोडे, यांना कबुतरे. दिवसभर जमिनीखाली अंधारात राहिलेला माणूस सुट्टीच्या दिवशी तासन्‌तास आभाळाकडे पाहत बसे. बायकांचे काम न संपणारे होते. धुतलेले कपडे वाळत टाकावेत तर काढताना ते करडे झालेले. काजळीची दिशा पाहून धुण्याचा दिवस ठरे. 1961 साली विली ब्रांट यांनी निवडणुकीच्या भाषणात ऱ्हूरवरचे आकाश पुन्हा निळे व्हायला हवे असे म्हटले, तेव्हा कित्येक पुढारी हसले होते. धुणे वाळत घालणारी एकही बाई हसली नसेल.

नळाचे पाणी पिण्यालायक नसल्याच्या काळात कामगारांसाठी कोपऱ्याकोपऱ्यावर सोडा आणि खनिज पाण्याच्या टपऱ्या निघाल्या. त्या आजही आहेत. वर्तमानपत्र, गोळ्या, बिअर, सिगारेट आणि वस्तीतल्या बातम्या, सगळे एका खिडकीत. आपल्या पानाच्या ठेल्याचे हे सख्खे भावंडच.

पगार कोण देत होते?

23 डिसेंबर 1986. नाताळ दोन दिवसांवर. त्या दिवशी त्सोलफेराइनची शेवटची पाळी वर आली. एकेकाळी युरोपातल्या मोठ्या कोळसा शहरांत गणल्या जाणाऱ्या एसेनमधली ही शेवटची खाण. परदेशचा कोळसा स्वस्त पडत होता, तेल आले होते आणि इथला कोळसा फार खोल गेला होता.

सासूबाईंनी नणंदेला म्हटले, ‘‘त्यांना विचार, खाण बंद झाल्यावर पगार कोण देत होतं?’’

उत्तर असे मिळाले : त्याला आणि त्याच्या सोबत्यांना शेजारच्या गावांतल्या दुसऱ्या खाणींत कामे दिली गेली. त्याही एकेक करून बंद झाल्या. वय झालेल्यांना लवकर निवृत्ती आणि दरमहा पैसे, तरुणांना दुसरे शिक्षण. सरकारने यावर अनेक वर्षे पाण्यासारखा पैसा ओतला. 2007 साली असे ठरले की 2018 पर्यंत देशातल्या सर्व दगडी कोळशाच्या खाणी बंद करायच्या, पण कोणालाही एकदम रस्त्यावर आणायचे नाही. 21 डिसेंबर 2018 रोजी शेजारच्या बोट्रोप गावातल्या शेवटच्या खाणीतून शेवटचा कोळशाचा तुकडा वर आला आणि तो राष्ट्राध्यक्ष फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर यांच्या हाती दिला गेला.

‘‘म्हणजे बत्तीस वर्षं लागली,’’ सासूबाई म्हणाल्या. हिशेब त्यांनी बोटांवर केला होता.

‘‘हो. पण माझ्या मुलाला या गावात काम मिळालं नाही,’’ तो म्हणाला. ‘‘तो म्युनिकला गेला. इथे लोक फोटो काढायला येतात, चांगलं आहे. पण खाणीत आठ हजार माणसं होती. फोटो काढायला किती माणसं लागतात?’’

हे त्याचे म्हणणे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण माहितीपुस्तिकांत ते सापडणार नाही. तिथे असते ते असे : खाण बंद होण्याच्या सुमारास राज्य सरकारने जागा विकत घेतली, 2001 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवले, वर्षाला सुमारे पंधरा लाख लोक येतात. हेही सर्व खरे आहे.

आणखी एक गोष्ट तो जाता जाता बोलला. दीडशे वर्षे खालून कोळसा काढल्यामुळे वरची जमीन खचली आहे, काही ठिकाणी वीस मीटरहूनही जास्त. पंप बंद केले तर ऱ्हूरचा मोठा भाग पाण्याखाली जाईल. म्हणून पंप सतत चालतात आणि कायम चालवावे लागणार आहेत. त्या खर्चासाठी एक स्वतंत्र निधीच आहे. जमीन खचत असल्याने गटारे जमिनीखाली घालता येत नव्हती. म्हणून एम्शर नावाची अख्खी नदी शंभर वर्षे उघडे गटार झाली होती. 1992 पासून तीस वर्षे आणि पाच अब्ज युरोंहून जास्त खर्च करून ती आता स्वच्छ केली आहे. खाण बंद करणे म्हणजे फाटकाला कुलूप लावणे नव्हे, एवढे मला त्या दिवशी कळले.

टेकडीवरचा बंगला

दुसऱ्या दिवशी आम्ही ‘विषुववृत्ता’च्या दक्षिणेला गेलो. बाल्डेनाय तलावाच्या काठी, टेकडीवर क्रुप घराण्याचा व्हिला ह्यूगेल आहे. 1873 साली पूर्ण झालेला, 269 खोल्यांचा. 1811 साली एका लहानशा कारखान्यापासून सुरू झालेल्या या घराण्याने आगगाडीच्या चाकांच्या बिनजोड पोलादी धावा बनवून नाव काढले. त्यांच्या तीन कड्यांच्या बोधचिन्हाचा अर्थ तोच. मग तोफा आल्या आणि जर्मनीच्या प्रत्येक युद्धात क्रुपचे नाव आले. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या कारखान्यांत गुलामासारखे राबवलेले परदेशी कामगार आणि छळछावण्यांतले कैदी होते. त्यासाठी 1948 मध्ये आल्फ्रीड क्रुपला बारा वर्षांची शिक्षा झाली. 1951 मध्ये तो सुटलाही. त्यानंतर थोड्याच वर्षांत, 1953 साली, भारत सरकारने क्रुप आणि डेमाग या कंपन्यांशी करार केला आणि ओरिसातला राउरकेलाचा पोलाद कारखाना उभा राहिला. 1959 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. आपल्या घरातल्या एखाद्या पोलादी पत्र्याचे मूळ या टेकडीपर्यंत पोहोचत असेल.

बंगल्यापेक्षा मला मार्गारेटनहोहे ही वसाहत आवडली. मार्गारेट क्रुप या बाईंनी 1906 साली मुलीच्या लग्नाच्या निमित्ताने ती वसवायला जमीन आणि पैसा दिला. गेओर्ग मेट्झेनडोर्फ या वास्तुविशारदाने तिथे वेलींनी झाकलेली, बुटक्या दारांची छोटी घरे बांधली. त्याने अशी युक्ती केली होती की स्वयंपाकाच्या चुलीच्या उष्णतेवरच खोल्या गरम राहाव्यात. त्या काळी छोट्या घरात नहाणीघर देणे हीच चैन होती. घरापुढच्या फुलझाडांपाशी एक आजीबाई काही खुरपत होत्या. सासूबाई आणि त्या भाषेवाचून पाच मिनिटे बोलल्या. विषय बहुधा गोगलगाई हा होता.

तलावाबद्दल एक गोष्ट. खाणीच्या आणि कारखान्यांच्या घाणीमुळे त्यात पोहायला 1971 पासून बंदी होती. ती 2017 मध्ये एका ठिकाणी उठली. त्याच वर्षी एसेनला ‘युरोपची हरित राजधानी’ हा किताब मिळाला. ज्या शहरात एके काळी धुणे वाळत घालायची भीती, त्या शहराला!

जायचे असेल तर फ्रँकफर्टहून एसेनला वेगवान गाडीने सुमारे दोन तास लागतात, कोलोनहून तासाभराच्या आत पोहोचता येते. खाणीचे आवार फिरायला पैसे पडत नाहीत. संग्रहालये आणि वाटाड्याची फेरी यांना तिकीट आहे. फेरीची नोंदणी आधी करावी, इंग्रजी फेऱ्याही असतात, पण जुन्या कामगाराची मिळाली तर भाषा येणारे कोणीतरी बरोबर घेऊन तीच घ्यावी. जिने खूप आहेत. सपाट चपला घाला. लिफ्ट कुठे आहे ते विचारायला लाजू नका. बंगला उघडा आहे की नाही याची चौकशी करूनच निघावे. आणि मुलांना अवश्य न्या. यंत्रांना हात लावू देत नाहीत, पण आवारात धावायला रान मोकळे आहे.

पहिल्या दिवशी परत निघतानाचा प्रसंग सांगायचा राहिला. ट्रामची वेळ झाली होती. म्हाताऱ्याने सासूबाईंचा हात दोन्ही हातांत घेऊन ‘ग्ल्यूक आउफ’ म्हटले. त्यांनीही तो शब्द जमेल तसा परत केला. सासूबाईंना फोटोची फार हौस. ट्यूलिपपुढे, पुलावर, प्रत्येक चर्चच्या पायरीवर त्या पदर सारखा करून उभ्या राहिल्या होत्या. मी फोन काढून म्हटले, ‘‘आई, मनोऱ्यापाशी उभ्या राहा ना.’’

‘‘मला नको त्यात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नुसतं तेच घे. चाकं आली पाहिजेत वरची.’’

मी दोन काढले. पहिल्यात चाके अर्धीच आली होती. त्यांनी चष्मा लावून तो पाहिला आणि दुसरा ठेवायला सांगितला.